अंदमानची बोट आणि गाळलेली साडेतीन वर्षं

दिवाळी झाली की आपल्या कबनूर-इचलकरंजी भागातनं अंदमानला जाणाऱ्यांची गडबड सुरू होते. पूर्वी अष्टविनायक, मग तिरुपती, आता अंदमान. मागच्या हिवाळ्यात मीही एका ग्रुपबरोबर जाऊन आलो. आल्यापासनं सगळे एकच विचारतात, सेल्युलर जेल बघितलं का, सावरकरांची कोठडी बघितली का? बघितली. पण आज लिहायचंय ते जेलसमोरच्या एका छोट्या बेटाबद्दल, आणि तिथं कुणी फारसं सांगत नाही त्या साडेतीन वर्षांबद्दल. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

पोर्ट ब्लेअरच्या (२०२४ पासून श्री विजयपुरम) अबर्डीन धक्क्यावरनं बोट सुटते. लाइफ जॅकेट घालायचं, फोटो काढायचे, दहा-पंधरा मिनिटांत रॉस बेट येतं. २०१८ पासून त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. आकार एक चौरस किलोमीटरसुद्धा नाही. पण १८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनी काळ्या पाण्याची वसाहत वसवली, तेव्हापासनं अंदमानचा सगळा कारभार इथनंच चालायचा. चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, बेकरी, पोहण्याचा तलाव, सगळं होतं. आता भिंती तेवढ्या उरल्यात आणि त्यांना झाडांच्या मुळ्यांनी आवळून धरलंय. मधनं हरणं फिरतात. आपली माणसं हरणांना बिस्किटं घालतात आणि सेल्फी काढतात.

२६ जून १९४१ ला मोठा भूकंप झाला आणि बेटाची पडझड झाली, तेव्हा इंग्रज साहेबानं मुक्काम हलवला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. इंग्रजांनी अंदमानातली फौज काढून घेतली आणि २३ मार्च १९४२ ला जपानी सैन्य उतरलं. लढाई झालीच नाही. तिथल्या बऱ्याच लोकांना सुरुवातीला बरंच वाटलं म्हणे. इंग्रज गेला ना, झालं. बोटीतनं उतरल्यावर रॉसवर जे सिमेंटचे बंकर दिसतात, ते याच जपान्यांचे.

आमच्या गाइडनं बंकर दाखवला, "जापानी बंकर, फोटो ले लो" म्हणाला आणि पुढं चालू लागला. पुढची गोष्ट थेट नेताजींची. ती खरीच आहे आणि अंगावर काटा आणणारी आहे. २९ डिसेंबर १९४३ ला नेताजी अंदमानात आले. ३० डिसेंबरला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. इंग्रजांच्या हातनं सुटलेली हिंदुस्थानची पहिली जमीन म्हणून त्यांनी या बेटांना शहीद आणि स्वराज अशी नावं दिली. आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच पाहिजेत.

पण त्या तीन दिवसांत समोरच्या सेल्युलर जेलमध्ये कोण होतं, हे ना बोटीवर सांगतात, ना बेटावर.

डॉक्टर दिवाण सिंग होते. पंजाबी कवी, लोक त्यांना 'कालेपानी' म्हणूनच ओळखतात. हा माणूस काही इंग्रजांचा हस्तक नव्हता. नेताजी ज्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे नेते, तिच्याच पोर्ट ब्लेअर शाखेचे ते अध्यक्ष. जपान्यांनी हेरगिरीचा आळ घेऊन ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना आत टाकलं. हालहाल केले. नेताजी येऊन गेले, झेंडा फडकला, आणि दोनच आठवड्यांनी, १४ जानेवारी १९४४ ला, डॉक्टर जेलमध्येच गेले.

त्यानंतर सोळाव्या दिवशी, ३० जानेवारीला, हंफ्रीगंज गावाजवळ जपान्यांनी ४४ माणसं गोळ्या घालून मारली. आळ तोच, हेरगिरी. यातसुद्धा लीगचे लोक होते. आपण ३० जानेवारीला गांधीजींसाठी दोन मिनिटं उभे राहतो, अंदमानात ही तारीख चार वर्षं आधीच रक्तानं लिहिली गेली होती.

मग नेताजींना हे माहीत नव्हतं का? त्यांच्याभोवती जपान्यांचं कडं होतं, लोकांना त्यांच्याशी मोकळेपणानं बोलता आलं नाही, असंच तिथला इतिहास लिहिणारे सांगतात. पुढं आझाद हिंद सरकारतर्फे कर्नल लोगनाथन कारभार बघायला आले. नाव मोठं होतं, पण पोलीस आणि बंदोबस्त शेवटपर्यंत जपान्यांच्याच हातात राहिला. लोगनाथन यांच्या वाट्याला शिक्षण खात्यापलीकडं फारसं काही आलं नाही.

आणि शेवटचं प्रकरण तर समुद्रावरचंच आहे. युद्धाच्या अखेरीस दोस्तांच्या नाकेबंदीनं बेटावर धान्य संपत आलं. ऑगस्ट १९४५ मध्ये शेकडो लोकांना सांगितलं, तुम्हाला दुसऱ्या बेटावर नेतो, तिथं शेती करा. बोटींत भरलं आणि हॅवलॉक बेटाजवळ रात्रीच्या अंधारात पाण्यात ढकललं. पोहून किनाऱ्याला लागले त्यातलेही बहुतेक उपासमारीनं गेले. त्याच महिन्यात जपाननं हार पत्करली. आज हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप. एसी कॅटमरानमध्ये बसून, गाणी लावून आपण त्याच पाण्यावरनं जातो.

आता काही जण म्हणतील, कशाला हे उकरून काढायचं, नेताजींचं नाव कमी होतंय यानं. मला तसं वाटत नाही. नेताजी देशासाठी सगळं सोडून गेले, त्यात तसूभर फरक पडत नाही. पण परक्याची फौज मदतीला घेतली की तिची किंमत कुणीतरी मोजतं, आणि ती मोजणारी माणसं बहुतेक वेळा गरीब, लांबची आणि बिनआवाजाची असतात. हे शिकायला अंदमानसारखी दुसरी जागा नाही. शिवाय दिवाण सिंगही आपलेच. एका देशभक्ताची गोष्ट सांगायची म्हणून दुसऱ्याची गाळायची, हा कुठला न्याय?

हे आत्ताच सांगायचं कारण आहे. २३ जानेवारी २०२३ ला याच बेटावर होणाऱ्या नेताजींच्या राष्ट्रीय स्मारकाची प्रतिकृती पंतप्रधानांनी दाखवली. स्मारक जरूर व्हावं. पण त्यात हंफ्रीगंजच्या ४४ जणांची नावं, दिवाण सिंगांचा फोटो आणि हॅवलॉकच्या बोटींचा उल्लेख असावा, एवढं मागायला आपण पर्यटक म्हणून नक्की पात्र आहोत. पैसे आपणच देतो की.

आणि लांब कशाला जायचं? १९४३ मध्येच, जेव्हा अंदमानात हे चाललं होतं, तेव्हा आपल्या वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. रशियानं देशोधडीला लावलेली जवळपास पाच हजार माणसं, त्यात बायका-पोरंच जास्त. १९४८ पर्यंत ती इथं राहिली, पोरं शाळेत गेली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि तिथं गांधीनगर झालं. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो तेच गांधीनगर! एकाच युद्धात एक परमुलूख माणसांना गिळत होता आणि दुसरा सांभाळत होता, आणि दुसरा आपला होता. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्याचं स्मारक आहे. आपल्यापैकी किती जणांनी पोरांना नेऊन दाखवलंय?

तर यंदा अंदमानला जाणार असाल, तर बुकिंग करतानाच टूरवाल्याला हंफ्रीगंज घ्यायला सांगा. तिथं शहीद स्मारक आहे, गाडीनं जाता येतं, अर्धा दिवस पुरे. बोटीवर गाइड भेटला की विचारा, १९४२ ते ४५ मध्ये इथं काय झालं? चार ग्रुपनी विचारलं की पाचव्या ग्रुपला तो न विचारता सांगेल. धंदाच आहे, गिऱ्हाईक मागतं ते ठेवावं लागतं.

आणि ज्यांच्या घरात कुणी वळिवड्याची छावणी बघितलेलं म्हातारं माणूस असेल, त्यांनी मला जरूर कळवा. मी येतो, बसतो, लिहून घेतो. ही माणसं आता फार थोडी राहिलीत.