नाव नसलेलं ओळखपत्र

आमच्या इंदूरजवळच्या खंडव्यात गांजा पिके. १८९३-९४च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात त्याची नोंद आहे. तेव्हा परवाना लागे तो पिकवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला. रुग्णाच्या हाती कार्ड आलं ते शंभर वर्षांनी, कॅलिफोर्नियात.

१९९६च्या प्रपोझिशन २१५ने डॉक्टरची शिफारस पुरेशी मानली, अगदी तोंडीसुद्धा. पण पोलिसाने अडवलं तर तोंडी शिफारस दाखवायची कशी? म्हणून २००३च्या कायद्याने कार्ड आणलं, तेही ऐच्छिक. अर्ज काउंटीच्या आरोग्य खात्यात करायचा: ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, डॉक्टरचा लेखी दाखला, फी. तीस दिवसांत पडताळणी, मंजुरीनंतर कामाच्या पाच दिवसांत कार्ड, मुदत एक वर्ष.

माझ्यातल्या इंजिनिअरला भावली ती त्याची रचना. कार्डावर फोटो, क्रमांक आणि मुदत असते; नाव नसतं. पोलीस क्रमांक ताडून पाहू शकतात, रुग्ण कोण हे कार्ड सांगत नाही. केंद्राच्या कायद्यात गांजा गुन्हाच होता, तेव्हा ही काळजी रास्तच. सॅन डिएगो काउंटी तर कार्ड योजनेविरुद्धच कोर्टात गेली. २००९मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची याचिका ऐकायलाच नकार दिला.

जुने परवाने चाळताना काय लिहिलंय तेवढंच पाहू नये. काय मुद्दाम गाळलंय, तेही पाहावं.