परांचीवरील कामगार आणि नुकसानभरपाईचा कायदा

जहाजाचे जलावतरण हा मोठा सोहळा असतो. इतिहासात जहाजाचे व त्याच्या मालकाचे नाव राहते. परंतु ज्यांच्या हातांनी ते उभे राहिले, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेख अशांविषयी आहे.

बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत ३१ मार्च १९०९ रोजी 'टायटॅनिक'च्या बांधणीस आरंभ झाला व ३१ मे १९११ रोजी ती पाण्यात उतरली. या बांधणीत आठ कामगार दगावले. नोंद झालेल्या २४६ दुखापतींपैकी २८ गंभीर होत्या. पहिला बळी अवघा पंधरा वर्षांचा मुलगा होता. तापवून फेकलेले लालबुंद रिव्हेट झेलून ठोकणाऱ्यांना देणे, हे त्याचे काम. २० एप्रिल १९१० रोजी शिडीवरून पडून, कवटी फुटून तो मरण पावला. त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो २०११ साली!

अशा पतनाची कारणे उघड आहेत. टोळीची मजुरी ठोकलेल्या रिव्हेटांच्या संख्येवर ठरे. म्हणून घाई अटळ. पायाखाली अरुंद फळी, हातांत अवजार, मग आधार धरावा कशाने? तरीही जुन्या इंग्रजी कायद्यानुसार सोबत्याच्या चुकीने अपघात घडल्यास मालक सहसा जबाबदार ठरत नसे. १८९७ च्या कायद्याने काही धोक्याच्या धंद्यांपुरते हे तत्त्व बाजूस सारले. दोष कोणाचा हे न पाहता, काम करीत असता इजा झाली एवढ्यावरच भरपाई मिळू लागली. १९०६ साली हे संरक्षण बहुतेक सर्व श्रमिकांस लाभले.

आपल्या मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया १७३५ च्या सुमारास सुरतेहून आले आणि येथील जहाजबांधणी नावारूपास आली. मात्र येथे १८५५ च्या कायद्यान्वये दुसऱ्याची हयगय सिद्ध केल्यावाचून मृताच्या वारसांस भरपाई मिळत नसे. हयगय सिद्ध करणे गरीब विधवेच्या आवाक्याबाहेरचे होते. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ रोजी अमलात आला, तेव्हा गोदी सुरू होऊन जवळजवळ दोन शतके लोटली होती.

ज्ञातिबांधवहो, भरपाई ही मालकाची कृपा नव्हे. श्रमिकाचा तो हक्क आहे. परंतु कायदा स्वतः होऊन कोणाच्या दारी येत नाही. अपघात होताच लेखी सूचना द्यावी, वैद्यकीय दाखला जपून ठेवावा, आणि घरातील कमावता हात गेला असता शेजाऱ्याने त्या कुटुंबाचा अर्ज लिहून द्यावा. ज्ञातिसेवा याहून निराळी ती काय?