‘फोर्स्ड लँडिंग’ या शब्दात काय काय दडलंय?

१९३० च्या आसपासच्या छोट्या विमानांबद्दल वाचायला घेतलं की ‘फोर्स्ड लँडिंग’ हा शब्द सारखा भेटतो. वाटतं, तेव्हाची इंजिनं म्हणजे उठसूट बंद पडणारी. मला हे तितकंसं पटत नाही.

एमी जॉन्सनचंच उदाहरण घेऊ. ५ मे १९३० ला ती जिप्सी मॉथ विमानातून एकटी क्रॉयडनहून निघाली आणि २४ मे ला ऑस्ट्रेलियात डार्विनला पोचली. वाटेत बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळानं तिला वाळवंटात उतरवलं. अलाहाबाद गाठायच्या आतच पेट्रोल संपत आलं, म्हणून ती झाशीला लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरली. रंगूनजवळ पावसात खेळाच्या मैदानावर उतरताना तर विमान खड्ड्यात जाऊन चांगलंच मोडलं. मूळ कारणं बघा: हवामान आणि पेट्रोल.

इंजिन तसं दणकट होतं. द हॅविलंड कंपनीनं एक जिप्सी इंजिन सील करून ६०० तास उडवलं; उघडल्यावर बदलावे लागलेले भाग सात पौंडांच्या आसपासचे निघाले. (चाचणी कंपनीची स्वतःची, हे लक्षात ठेवायचं!) नाजूक जागा म्हणजे स्पार्क प्लग. त्याच मे महिन्यात आगाखान बक्षिसासाठी इंग्लंडहून निघालेला सतरा वर्षांचा एस्पी इंजिनिअर प्लगांअभावी इजिप्तमध्ये अबुकीरला अडकला होता. कराचीहून उलट दिशेनं आलेल्या जेआरडी टाटांनी, प्रतिस्पर्धी असूनही, आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. बक्षीस एस्पीनं जिंकलं.

आणि हवेत इंजिन खरंच बंद पडलं तर? विमान दगडासारखं कोसळत नाही. नाक थोडं खाली ठेवलं की तरंगत उतरतं. मॉथ हलकं, जमिनीला टेकताना वेग साधारण ताशी ७० किलोमीटर. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, त्यामुळे हा कमी वेगच माणसांना वाचवायचा. ब्रेक नव्हतेच, शेपटीखालची स्किड माती उकरत जायची. समोर वाऱ्याच्या दिशेला एखादं मोकळं शेत मिळालं तरी पुरायचं.

जीव जायचा तो बहुतेकदा दुसरीकडे. नुकतंच उड्डाण केलंय, उंची जेमतेम, इंजिन गप्प, आणि मागे धावपट्टी दिसतेय. पायलट वळायला जातो. वळताना वेग घटतो, पंखांची उचल जाते, विमान गरगरत खाली येतं. समोरचं शेत तसंच राहतं.