पंगतीबाहेरचे खेळ

घरी मंगलकार्य निघाले म्हणजे पहिल्या पंगतीला कोणाला बसवावयाचे, हा प्रश्न यजमानाला नेहमीच पडतो. पाट मोजके आणि मानकरी पुष्कळ. जगातील खेळांचीही स्थिती काहीशी अशीच आहे. दर चार वर्षांनी ऑलिंपिकची पंगत बसते. तीत ज्यांना पाट मिळाला त्यांचे नाव होते. ज्यांना मिळाला नाही ते खेळ कितीही जुने आणि कितीही कसाचे असोत, ओसरीवर तिष्ठत राहतात. एकदा मिळालेला पाट कायमचा असतो असेही नाही. रस्सीखेच हा खेळ १९०० पासून १९२० पर्यंत ऑलिंपिकमध्ये होता. पुढे तो उठविला गेला तो आजतागायत परत बसलेला नाही.

या ओसरीवरच्या मंडळींनी १९८० साली एक शहाणपणाची गोष्ट केली. बारा आंतरराष्ट्रीय क्रीडासंघटनांनी एकत्र येऊन आपली वेगळी संस्था स्थापिली आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेतील सांता क्लारा या गावी ‘वर्ल्ड गेम्स’ नावाचा पहिला मेळावा भरविला. तेव्हापासून तो दर चार वर्षांनी भरत आला आहे. महासाथीमुळे लांबलेला बर्मिंगहॅमचा मेळावा २०२२ साली झाला, आणि २०२५ साली चीनमधील चेंगडू शहर यजमान होते. या मेळाव्याचा एक दंडक ध्यानात ठेवण्याजोगा आहे: यजमान नगरीने केवळ त्याच्यासाठी नवी क्रीडांगणे उभारावीत, अशी अपेक्षा नाही, जे आहे त्यावर भागवावयाचे. आणि फळ काय मिळाले? १९८१ साली सांता क्लाराला खेळले गेलेले बॅडमिंटन, सॉफ्टबॉल आणि तायक्वांदो हे तिन्ही खेळ पुढे ऑलिंपिकच्या पंगतीत जाऊन बसले.

हा विषय रायपूरच्या संदर्भात मांडावासा वाटतो, यास इतिहासाचा आधार आहे. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपूरच्या गादीवर आले आणि छत्तीसगडचा नागपूरशी संबंध जडला. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले तरी तो संबंध तुटला नाही. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताकडे आला. तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत अमरावती आणि रायपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती आणि दोहोंचे कागद नागपूरच्या सचिवालयात जात. म्हणून त्याच प्रांतातील अमरावतीने खेळांच्या बाबतीत काय केले, हे रायपूरच्या दृष्टीने परक्या घरची गोष्ट नव्हे.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला गेले आणि तेथील ऑलिंपिकच्या दिवसांत त्याने हुतुतू, मल्लखांब आदी देशी खेळ युरोपच्या प्रेक्षकांना दाखविले. त्या वर्षी कबड्डी ऑलिंपिकमध्ये खेळली गेली, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते तंतोतंत खरे नाही. ऑलिंपिकच्या अधिकृत प्रदर्शनीय खेळांत त्या वर्षी बेसबॉल आणि विनायंत्र विमानोड्डाण हे दोनच होते. अमरावतीकरांचे प्रयोग त्या सोहळ्याच्या सोबतीने, पण त्याच्या यादीबाहेर झाले. यामुळे त्यांच्या धाडसाला उणेपणा येत नाही. परतंत्र देशातील एका जिल्ह्याच्या गावची व्यायामसंस्था समुद्र ओलांडून जाते, ही गोष्टच मोठी आहे. परंतु प्रदर्शनाची मर्यादा मात्र यातून उमजते. प्रेक्षक टाळ्या वाजवितो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी तो आपल्या अंगणात हुतुतू खेळू लागत नाही.

खेळ परमुलखात रुजावयाचा तर त्याला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे लिहिलेला नियम. हे काम महाराष्ट्राने आणि बडोद्याने चिकाटीने केले. खो-खोचे नियम बांधण्यासाठी १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात समिती बसली. १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने नियम छापून काढले. हुतुतूचे सामने १९२३ साली बडोद्यास अखिल भारतीय पातळीवर भरले. त्या काळी हा एकच खेळ कोठे हुतुतू, कोठे हाडुडू, कोठे चेडुगुडु म्हणून ओळखला जाई. संजीवनी, गामिनी आणि अमर असे त्याचे तीन प्रकार होते आणि बाद झालेला गडी पुन्हा जिवंत व्हावा की नाही, यावर वाद होत. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, तेव्हा कोठे या सर्वांना एक नाव आणि एक नियमपुस्तक मिळाले.

दुसरी गोष्ट नियमाहून कठीण आहे. ती म्हणजे पाहुण्याच्या हातून पराभूत होण्याची तयारी. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून आली आणि १९९० साली बीजिंगला तिला पदकाचा दर्जा मिळाला. त्या वर्षापासून २०१४ पर्यंतच्या सातही स्पर्धांत पुरुषांचे सुवर्णपदक भारताने जिंकले. २००४ साली मुंबईला विश्वचषक भरला. तेथेही यजमानच जिंकले. मग २०१८ साली जकार्ता येथे इराणच्या पुरुषांनी भारताला उपान्त्य सामन्यात हरविले आणि इराणच्या स्त्रियांनी अंतिम सामन्यात. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याकडे त्या दिवशी पुष्कळांना वाईट वाटले. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहता, हुतुतू खऱ्या अर्थाने जगाचा झाला तो याच दिवशी. बर्लिनमध्ये आपण खेळ दाखविला होता. जकार्तात आपण दिलेला खेळ दुसऱ्याने आपल्याला खेळून दाखविला. पुढे हांग्चौच्या स्पर्धेत भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळविली, हे खरे; पण आता ती मिळवावी लागतात, आपसूक येत नाहीत.

या कसोटीवर आता रायपूर लावून पाहू. हे शहर यजमानपणाला नवखे नाही. २०१५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जागतिक हॉकी लीगचा अंतिम टप्पा येथे झाला. ऑस्ट्रेलिया विजयी झाली आणि भारताने नेदरलँड्सला हरवून कांस्यपदक मिळविले. नव्या रायपुरात वीर नारायणसिंहांच्या नावाचे भव्य क्रिकेटचे मैदान आहे. म्हणजे मैदाने आहेत आणि अनुभवही आहे. पण हॉकी व क्रिकेट हे पाट मिळालेले खेळ. ओसरीवरच्यांचे काय?

त्यांना २०२२ साली प्रथमच शासनाचे आमंत्रण गेले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’ सुरू झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याचा शेवट रायपुरात झाला. चौदा खेळ, तीन वयोगट आणि गावच्या युवक मंडळापासून राज्यापर्यंत सहा पायऱ्या, अशी त्याची रचना होती. चाळिशीपुढील स्त्री-पुरुषांना वेगळा गट होता, ही विशेष लोभस गोष्ट. यादी वाचली की मराठी माणसाला आपल्याच आळीत आल्यासारखे वाटते. गिल्ली-डंडा म्हणजे आपला विटीदांडू, पिट्ठुल म्हणजे लगोरी, बाटी म्हणजे गोट्या, भौंरा म्हणजे भोवरा. फुगडी मात्र फसविते. तेथील फुगडीत हात धरून गरगर फिरावयाचे नसते, उकिडवे बसून पाय पुढेमागे नाचवावयाचे असतात. आपली बसफुगडी तिची सख्खी बहीण म्हणावी. आणि गेडी! दोन बांबू, त्यांना हातभर उंचीवर बांधलेला पावठा, आणि त्यावर उभे राहून पावसाळी चिखलातून चालावयाचे. हरेलीच्या सणाला गेडी बाहेर निघते. ही हरेली म्हणजे आपली दिव्याची अवस. महिना मोजण्याची रीत निराळी म्हणून त्यांचा तो श्रावण आणि आपला आषाढ, पण दिवस एकच.

दुसऱ्या वर्षी, २०२३ च्या हरेलीलाच या स्पर्धांना आरंभ झाला आणि कुस्ती व दोरीउडी हे दोन खेळ वाढले. त्या वर्षाच्या अखेरीस राज्यातील शासन बदलले आणि हा उपक्रम त्या स्वरूपात पुढे चालला नाही. २०२४ साली ‘बस्तर ऑलिंपिक’ या नावाने निराळा आणि मोठा मेळावा जगदलपूरला भरला. त्याच्या यादीत कबड्डी, खो-खो आणि रस्सीखेच आहेत, परंतु मुख्य भर सर्वमान्य खेळांवर आहे. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक शासन आपली पसंती घेऊन येते, आणि कारभारात वावरणाऱ्या माणसाला हे नित्याचे आहे. मुद्दा निराळा आहे. अमरावतीचे मंडळ १९१४ पासून आजवर टिकले, कारण ती लोकांनी चालविलेली संस्था होती. शासन मांडव घालून देऊ शकते. कुळाचार चालविणे हे घरच्यांचे काम असते. गेडीला मांडव मिळाला, घर मिळाले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. विटीदांडूत आमच्याकडे वकट, लेंड, मूंड अशी द्राविडी अंकांची मोजणी आहे. दहा कोसांवर ती बदलते. या खेळांना छापील नियमात बसविले तर त्यांचा गावरान रस आटणार नाही काय? आक्षेप खोटा नाही. गामिनी व अमर हे हुतुतूचे प्रकार मागे पडले, हे आपण पाहिलेच आहे. पण नियम मैदानासाठी असावेत, अंगणासाठी नव्हेत. गावात गावची रीत चालू द्यावी. परगावचा गडी आला म्हणजे मात्र दोघांना मान्य असा कागद हवा. ज्या खेळाला असा कागद नाही, त्याला पाहुणा बोलाविताच येत नाही.

आणि पाहुणे आहेत, ही आनंदाची गोष्ट. बेल्जियममधील नामुर शहरात उंच काठ्यांवर चढून झुंजण्याचा खेळ शतकानुशतके चालत आला आहे. २०२१ साली युनेस्कोने तो मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदविला. फ्रान्समधील लांद प्रदेशाचे मेंढपाळ दलदलीतून अशाच काठ्यांवर चालत. जपानी मुलांच्या बांबूच्या गेडीला ‘ताकेउमा’, म्हणजे वेळूचा घोडा, असे नाव आहे. अशा पाहुण्यांना एका अंगणात कसे बोलवावे, याचा धडा किर्गिझस्तान या लहानशा देशाने घालून दिला आहे. इस्सिक-कुल सरोवराच्या काठी २०१४ साली त्याने भटक्या जमातींच्या खेळांचा जागतिक मेळावा भरविला. पहिल्या तीन खेपांना तोच यजमान होता. पुढे तुर्कस्तान आणि कझाकस्तान यांनी तो मान घेतला. यजमानपण असे हातोहात पुढे गेले म्हणजेच ते सफल झाले.

आपल्याकडेही तसे घडू लागले आहे. २०१९ साली मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली विश्वस्पर्धा झाली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आणि मराठी मातीतला मल्लखांब आज बस्तरातील नारायणपूरला अबूझमाडच्या मुलांनी इतका आपलासा केला आहे की, २०२३ साली त्यांनी त्यावर साऱ्या देशाची वाहवा मिळविली. महाराष्ट्राचे देणे छत्तीसगडला पोचले. आता उलट दिशेचा प्रवास बाकी आहे. गेडीचे नियम कोणी लिहावेत, तिची संस्था कोणी चालवावी, हे रायपूरने ठरवावयाचे आहे. ते काम झाले तर नामुरकरांना आणि जपानी मुलांना पाठवावयाच्या पत्रिकेला नव्या मैदानाची वाट पाहावी लागणार नाही. त्यांतील कोणी एखादा आपल्याच गेडीवर आपल्याला मागे टाकून गेला, तर तो दिवस रायपूरने दिव्याच्या अवसेसारखा साजरा करावा.