शाँदाँ और्वा

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी परिसरात शिराझ द्राक्षांपासून तयार होणारी लाल वाइन. निर्माती कंपनी शाँदाँ इंडिया ही मोएत हेनेसी समूहातील असून एपर्ने येथे 1743 साली स्थापन झालेले मोएत ए शाँदाँ हे नामवंत शॅम्पेन घराणे याच समूहातले.

बोर्दोतील मोठी घराणी मुख्य वाइनच्या निवडीत न बसलेला रस, बहुधा तरुण वेलींचा, दुसऱ्या नावाने आणि कमी किमतीत विकतात. शातो मार्गोची ‘पाव्हियाँ रूझ’ ही त्यातली प्रसिद्ध. शाँदाँचे मोएत घराण्याशी नाते वेगळे आहे; ती अशी दुय्यम वाइन नव्हे. शॅम्पेन हे नाव त्या प्रदेशाबाहेरच्या वाइनला लावता येत नाही, म्हणून घराण्याने बाहेरच्या मळ्यांना शाँदाँ हे नाव दिले: 1959 मध्ये अर्जेंटिना, 1973 मध्ये कॅलिफोर्निया, 1986 मध्ये ऑस्ट्रेलिया. भारतात 2013 मध्ये आधी फेसाळ वाइन आली. तिच्या रोझे प्रकारात शिराझ होतेच. त्याच द्राक्षाची लाल वाइन नंतर निघाली. महाराष्ट्राला फ्रेंच मार्गदर्शन त्याआधीही लाभले होते. शामराव चौगुले यांनी नारायणगावला 1980 च्या दशकात पायपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याच्या तांत्रिक साहाय्याने ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन काढली होती.

शिराझ मूळचे फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातले. तिथे वेल हिवाळाभर झोपते. नाशिकला ती झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि पावसाळ्यात काडी पक्व होते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड धरतात. ते कोरड्या हवेत आणि थंड रात्रीत पिकतात, त्यामुळे साखर चढली तरी आंबटपणा टिकतो. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. साखरेचे माप यंत्रावर घेतात, पण जाणकार मणी चावून बीही पाहतो: हिरवी असेल तर थांबायचे, तपकिरी होऊन कुरकुरीत तुटली तर क्रेट मागवायचे. लाल वाइनचा रस सालींसकट आंबवतात; रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो.

देशी लाल वाइनच्या रांगेत और्वा महागच आहे. ती परवडणारी वाटते ती आयात बाटलीशेजारी, कारण परदेशी वाइनवर वर्षानुवर्षे 150 टक्के सीमाशुल्क राहिले. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र ती स्वस्त फ्रेंच वाइन म्हणून घेऊ नये. श्रेय दिंडोरीच्या मातीला आणि तिथल्या बागायतदाराला आहे. फ्रान्सकडून आली ती शिस्त. तुलना करायची तर नाशिकच्याच दुसऱ्या शिराझशी करावी.

ही वाइन नागपुरात घ्यायची तर खरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि तापलेल्या गोदामात किंवा गाडीच्या डिकीत वाइन अक्षरशः शिजते. बूच वर सरकलेले किंवा मानेवर ओघळाचा डाग असलेली बाटली दुकानातच परत करावी. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड देशांतला. इथे बाटली फ्रिजमध्ये ठेवून, 16 ते 18 अंशांवर आणून उघडावी. नाशिकहून समृद्धी महामार्गाने बाटली आणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की नागपूरच्या अलीकडे लागणारा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे.