शास्त्र वाचण्याचा अधिकार कोणाचा? पंडिता रमाबाई आणि १८८५ चा वाद

पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु धर्मांतरानंतर दोनच वर्षांत त्यांनी बायबलच्या अर्थावरून स्वतःच्या गुरुभगिनींशी वाद मांडला, हे क्वचितच सांगितले जाते. हा धागा त्याविषयी.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाई व कन्या मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. निवारा, शिक्षण, चिमुकल्या मनोरमेचा सांभाळ, साऱ्याला आधार वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींचा. वाद घालताना हा आधारच पणाला लागला होता.

ठिणगी पडली अथनेशियसच्या मतांगीकारावरून. त्रैक्याचा सिद्धांत काटेकोर मांडणारे आणि तो न मानणाऱ्याचा नाश अटळ म्हणून बजावणारे हे प्राचीन श्रद्धासूत्र. रमाबाईंचे म्हणणे असे की, बायबलमध्ये मला जे आढळेल ते मी मानीन. मनुष्यांनी रचलेली सूत्रे माझ्या विवेकाला बांधू शकत नाहीत. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. चर्चच्या परंपरेवाचून एकट्या व्यक्तीने अर्थ लावावा तरी कसा? प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. बायबलमध्ये कोणते ग्रंथ असावेत, हेही अखेर चर्चच्या परंपरेतच ठरले होते.

पण समोर कोण होते? अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, ती. शास्त्रे परस्परांशी भांडतात, मात्र स्त्रीला हीन लेखताना एकमत करतात, हे तिने मुळातून वाचून जाणले होते. एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच उतरवले, आता दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहून कळवले. क्रॉसवर लॅटिन अक्षरे हवीत असे सुचवले गेले, तेव्हा आमची संस्कृत काय कमी आहे, हाही त्यांचा सवाल होता. (ही पत्रे १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केली. जरूर वाचा.)

१८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेस गेल्या. त्या ख्रिस्तीच राहिल्या.

उत्तरायुष्यात केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. येथे एक गंमत आहे. क्रॉसवर संस्कृत मागणाऱ्या रमाबाईंनी या भाषांतरात संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. वाचक डोळ्यांपुढे होत्या त्या नुकत्याच अक्षरे गिरवू लागलेल्या बायका. छपाईचे कामही सदनातील स्त्रियांनीच केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रकाशित झाला.