पोलिसांच्या हातातील बंदूक : हिंदुस्थानातील एका शस्त्रनिवडीचा इतिहास

पोलिसाच्या हाती कोणती बंदूक द्यावी आणि तिच्या नळीचा व्यास, म्हणजे बोर, किती असावा, हा प्रश्न वरकरणी केवळ शस्त्रतज्ज्ञांच्या अधिकारातील वाटतो. गोळीचे वजन, तिचा वेग, पल्ला आणि खर्च यांचा हिशेब मांडला की उत्तर निघावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. हिंदुस्थानातील पोलिसांच्या शस्त्रांचा इतिहास मात्र या समजुतीला पुष्टी देत नाही. गेल्या दीडशे वर्षांत या देशात पोलिसांची बंदूक ठरविताना तिच्या गुणांचा विचार बहुधा नंतर झाला. ही बंदूक कोणावर रोखली जाणार आहे आणि ती हातात घेणाऱ्या शिपायावर सरकारचा विश्वास किती आहे, हे दोन प्रश्न त्याआधी सोडविले गेले. प्रस्तुत निबंधात या निवडीचा मागोवा घेऊन तिच्या परिणामांची कारणमीमांसा करण्याचे योजिले आहे.

१. विश्वासाचे माप

१८५७ च्या उठावात एन्फिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांचे प्रकरण सर्वश्रुत आहे. त्याच रायफलीच्या पुढील इतिहासाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. ही १८५३ च्या नमुन्याची, ०.५७७ इंच बोराची ठासणीची बंदूक होती. तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असल्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाई आणि दूरवरचा नेम अचूक लागे. उठावानंतर एतद्देशीय पलटणींसाठी याच बंदुकीचा १८५८ चा निराळा नमुना तयार करण्यात आला. त्यात नळीतील खाचा काढून टाकून बोर सुमारे ०.६५ इंचापर्यंत रुंद केले होते. बाह्यतः बंदूक तीच दिसे, पण तिचा उपयुक्त पल्ला जुन्या गुळगुळीत नळीच्या मस्केटइतका खाली आला होता. शस्त्र सुधारण्यासाठी कारखाने चालतात. येथे ते जाणूनबुजून बिघडविण्यासाठी कारखान्याचे कसब वापरले गेले.

पुढील काळात हे धोरण स्थिरावले. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी पलटणींच्या हाती स्नायडर होती, आणि गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा देशी शिपायांपर्यंत मार्टिनी पोहोचली. हे एका पिढीचे अंतर राखणे हा लष्करी बंदोबस्ताचाच भाग होता. १८६१ च्या पोलिस कायद्याने आणि मुंबई इलाख्यात १८६७ व १८९० च्या जिल्हा पोलिस कायद्यांनी पोलिस दलाची नवी घडी बसविली. शस्त्रांच्या उतरंडीत हे दल देशी पलटणीच्याही खालच्या पायरीवर होते. लष्कराने टाकून दिलेली बंदूक पोलिसांकडे येई, आणि तीही पुष्कळदा नळीतील खाचा काढून. सामान्य शिपायाचे नित्याचे शस्त्र लाठी हेच राहिले. बंदुका कचेरीत, तिजोरीवर, तुरुंगावर आणि सशस्त्र राखीव तुकडीत असत. १८७८ च्या शस्त्रबंदी कायद्याने प्रजेच्या हातची शस्त्रे नियंत्रित झाल्यावर पोलिसांची ही दुय्यम बंदूकही समोरच्या जमावाला पुरून उरेल, असा राज्यकर्त्यांचा अदमास होता.

२. ०.४१० बोराची मस्केट

या धोरणाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात तयार झालेली ०.४१० बोराची पोलिस मस्केट. विसाव्या शतकाच्या आरंभी ली-एन्फिल्ड ही ०.३०३ इंच बोराची रायफल लष्कराची प्रमाण रायफल झाली होती. जनतेच्या तोंडी रुळलेली ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच. तिच्या पेटीत दहा काडतुसे मावत. १९१० नंतर प्रचारात आलेल्या तिच्या टोकदार गोळीचे वजन १७४ ग्रेन, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम, असून नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला २४४० फूट असे. अशी गोळी नेमाचे ठिकाण चुकल्यास दीड-दोन मैलांपर्यंतही जाऊ शकते.

ईशापूरच्या कारागिरांनी या रायफलीची नळी रुंद व गुळगुळीत केली आणि काडतुसांच्या पेटीच्या जागी लाकडाचा ठोकळा बसविला. त्यामुळे प्रत्येक बारानंतर नवे काडतूस हाताने भरावे लागे. तिचे काडतूसही खास होते. ०.३०३ चे कवच तोंडाशी निमुळते न करता सरळ ठेवले की ते तयार होई. असे काडतूस मूळ रायफलीच्या नळीत बसत नसे, त्यामुळे ते चोरीला गेले तरी लष्करी रायफल बाळगणाऱ्याला निरुपयोगी ठरे. इजिप्तमधील ग्रामरक्षकांसाठी इंग्लंडातील ग्रीनर कंपनीने बनविलेल्या बंदुकीतही हाच विचार दिसतो. त्या बंदुकीला बाजारातील सामान्य काडतूस चालू नये, अशी तिची योजना होती. साम्राज्याच्या दोन दूरच्या प्रदेशांत एकच भीती काम करीत होती, ती म्हणजे पोलिसाची बंदूक उद्या पोलिसाच्याच मालकावर उलटेल ही.

तथापि या मस्केटची एक बाजू न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. तिचा पल्ला आखूड होता आणि एका बारानंतर थांबणे भाग होते. त्यामुळे गर्दीच्या रस्त्यावर ती लष्करी रायफलीइतकी संहारक नव्हती. लष्करी रायफल जमावावर चालली तर काय होते, याचे भीषण प्रत्यंतर १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत आले. तेथे पन्नास शिपायांनी सुमारे दहा मिनिटांत ०.३०३ च्या १६५० गोळ्या झाडल्या, आणि सरकारी आकड्याप्रमाणेच ३७९ माणसे ठार झाली. तो गोळीबार पोलिसांचा नव्हता, लष्कराचा होता. बंद जागेत कोंडलेल्या माणसांवर, एकाच गोळीने एकाहून अधिक देह भेदणाऱ्या शस्त्राचा तो प्रयोग होता. अविश्वासापोटी दिलेली दुबळी बंदूक काही प्रसंगी प्रजेचे प्राण वाचविणारीही ठरली असेल, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

३. स्वातंत्र्यानंतरचा वारसा

१९४७ नंतर राज्यकर्ते बदलले, पण शस्त्रागारे तीच राहिली. पोलिसावर अविश्वास दाखविण्याचे कारण उरले नव्हते. म्हणून लष्कराने नव्या रायफली घेतल्या तसतशा थ्री नॉट थ्री मोठ्या संख्येने पोलिसांकडे आल्या. ही पदोन्नती वाटली, तरी तिच्यामागे पोलिसी कामाचा स्वतंत्र विचार नव्हता. लष्कराची जुनी वस्तू खाली उतरविण्याची जुनीच रीत होती. पूर्वी खाचा काढून दिली जाई, आता जशीच्या तशी दिली गेली, एवढाच फरक.

याच काळात पोलिसांची बंदूक वारंवार नागरिकांच्या जमावासमोर आली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, विशेषतः नोव्हेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत झालेल्या गोळीबारांसह, शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. मुंबईतील हुतात्मा चौक त्यांच्या स्मरणार्थ उभा आहे. त्या वेळचा वाद गोळीबाराच्या हुकुमाविषयी झाला, आणि तो योग्यच होता. पण शहरातील अरुंद गल्लीत, चाळींच्या गॅलऱ्यांत माणसे उभी असताना, मैलभर जाऊ शकणारी गोळी पोलिसाच्या बंदुकीत असावी काय, हा दुसरा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. हुकूम देणारा अधिकारी जबाबदार असतोच. शस्त्र निवडणारी कचेरी मात्र सहसा चौकशीच्या कक्षेबाहेर राहते.

४. उलट बाजूची चूक

१९८० नंतर परिस्थिती पालटली. पंजाबात दहशतवाद्यांच्या हाती एके-४७ आली आणि थ्री नॉट थ्री घेतलेला शिपाई एकाएकी दुबळा ठरला. एके-४७ ची ७.६२ मिलिमीटरची गोळी सुमारे ८ ग्रॅमची, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्या गोळीहून हलकी आणि कमी वेगाची. बोराच्या कोष्टकात जुनी रायफलच सरस दिसते. परंतु जुन्या रायफलीत प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो, तर एके-४७ च्या पेटीतील तीस गोळ्या काही क्षणांत सुटतात. शंभर पावलांच्या आतील चकमकीत गोळीच्या वजनापेक्षा पहिल्या काही सेकंदांत किती बार होतात, यावर निकाल लागतो.

याची किंमत मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ रोजी मोजली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन हल्लेखोरांनी पन्नासाहून अधिक माणसे मारली. तेथील पोलिसांपैकी अनेकांकडे केवळ लाठ्या होत्या आणि काहींकडे जुन्या रायफली. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी रिकाम्या हातांनी एके-४७ ची नळी धरून ठेवली, म्हणून अजमल कसाब जिवंत सापडला. ओंबळे यांचे प्राण गेले. त्यांच्या शौर्याचा गौरव करताना, ते शौर्य आवश्यक का झाले, हा प्रश्न टाळता येत नाही. त्यानंतर राम प्रधान समितीने पोलिसांच्या सिद्धतेची चौकशी केली आणि राज्यात ‘फोर्स वन’ हे खास दल उभे राहिले.

अशीच जाग अन्यत्रही प्रसंगानेच आलेली दिसते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात २८ फेब्रुवारी १९९७ रोजी चिलखत घातलेल्या दोन बँक-दरोडेखोरांपुढे पोलिसांची पिस्तुले निष्प्रभ ठरली, तेव्हा काही पोलिसांनी जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणविल्या. त्यानंतर गस्तीच्या पोलिसाजवळ ५.५६ मिलिमीटरची हलकी रायफल असावी, हे मत त्या देशात बळावले. हे बोर निवडण्यामागे एक विचार होता. तिची गोळी सुमारे ४ ग्रॅमची असून वेगवान असते. शरीरात किंवा भिंतीत शिरल्यावर ती लवकर अस्थिर होऊन शक्ती गमावते, त्यामुळे लक्ष्याच्या मागे उभ्या असलेल्या निरपराध माणसाला धोका काहीसा कमी होतो. भारतीय इन्सास रायफलीचे बोरही हेच आहे. परंतु ती लष्करासाठी घडविली गेली आणि तेथून पोलिसांकडे आली. म्हणजे उतरंड येथेही सुटलेली नाही.

शस्त्र बळकट करताना जुनी भीतीही सर्वस्वी निराधार ठरत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये माओवाद्यांनी ओडिशातील नयागड येथील पोलिस शस्त्रागार लुटले. पोलिसाची बंदूक शत्रूच्या हाती जाऊ शकते, ही चिंता केवळ वसाहतवादी नव्हती. तिच्यावरचा उपाय मात्र वसाहतवादी होता. शस्त्रागाराचे रक्षण वाढविण्याऐवजी शस्त्रच अधू करण्यात आले होते.

५. निष्कर्ष

या इतिहासात दोन परस्परविरुद्ध चुका दिसतात. समोर जमाव असताना युद्धाची रायफल देणे ही पहिली, आणि समोर युद्धाचे शस्त्र असताना लाठी देणे ही दुसरी. दोन्हींचे मूळ एकच आहे. पोलिसाचे शस्त्र पोलिसाच्या कामावरून ठरविले गेले नाही. आधी सरकारच्या संशयावरून आणि नंतर लष्कराच्या शिलकी मालावरून ठरले. कामावरून ठरवावयाचे तर तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतील. बंदुकीसमोर कोण असणार, अंतर किती असणार, आणि लक्ष्याच्या मागे कोण उभे असणार. गडचिरोलीच्या जंगलात १९९० पासून काम करणाऱ्या ‘सी-६०’ पथकाला यांची जी उत्तरे मिळतील, ती दादरच्या स्थानकावरील शिपायाला लागू पडणार नाहीत. म्हणून साऱ्या दलाला एकच बोर, हा आग्रह सोयीचा असला तरी सयुक्तिक नाही. त्याचबरोबर सरावासाठी वर्षाकाठी पुरेशी काडतुसे मिळत नसतील, तर कोणतेही बोर निरर्थक होय.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात थ्री नॉट थ्रीला समारंभपूर्वक निरोप दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही बेकायदेशीर जमाव पांगविताना बळाचा वापर शक्य तितका कमी करावा, हे जुन्या फौजदारी प्रक्रियेतील तत्त्व कायम आहे. हे तत्त्व आजवर हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला उद्देशून सांगितले गेले. शस्त्र निवडणाऱ्या कचेरीलाही ते तितकेच बंधनकारक आहे. कारण चाप ओढला जाण्याच्या कितीतरी आधी, खरेदीच्या कागदावर सही होते तेव्हाच, बळाची कमाल मर्यादा ठरून गेलेली असते.